राणीच्या ब्लाउजचे सहा हुक

गेल्या दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी, म्हैसूरच्या विजयनगरातल्या एका रहिवासी असोसिएशनच्या हॉलमध्ये माझ्या शिंप्यांच्या पाठीवरची एक सेफ्टी पिन उघडली. त्या वेळी ते राणीच्या वेशात स्टेजवर उभे होते आणि समोर साठेक लोक बसले होते. पिन टोचली. राणी हलली नाही. राणीचं वय अठ्ठावन्न, मिशी सकाळी काढलेली, साडी डाळिंबी.

मी वीस वर्षं पुण्यात एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. 'एकमेव', 'अद्वितीय', 'न भूतो' असे शब्द दिसले की खोडायचे, ही सवय अजून गेलेली नाही. तरीही लिहिते की आमच्या शिंप्यांसारखा माणूस म्हैसुरात दुसरा नाही. याची खात्री दोन ठिकाणांहून करून घेतली आहे. पहिलं ठिकाण म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्या म्हणाल्या, "दुसरा असता तर मी गाव सोडलं असतं." दुसरं ठिकाण ते स्वतः. त्यांनी प्रश्न पूर्ण ऐकूनही घेतला नाही, नुसती मान डोलावली.

त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांना ठाऊक नाही. घरात विठ्ठल आहे, शिवणयंत्र आहे आणि मराठी आहे. तिन्ही जुनी, तिन्ही चालू. त्यांच्या मराठीत दर तिसरा शब्द कानडी असतो आणि वाक्य कुठल्या भाषेत संपेल ते सुरू करताना त्यांनाही माहीत नसतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी म्हैसुरात बोगादीला राहायला आले तेव्हा कोणीतरी सांगितलं, विजयनगरात मराठी बोलणारे शिंपी आहेत. मी गेले, पाच मिनिटं बोलले. ते हात जोडून म्हणाले, "अय्यो बाई, तुमचं मराठी टीव्हीत येते तसं आहे. ऐकायला फार छान. समजायला स्वल्प कष्ट." तेव्हापासून त्यांच्या दुकानात मी हळू बोलते.

टेप त्यांच्या गळ्यात कायम असते, पण ती दागिना म्हणून. माप ते डोळ्यांनी घेतात, आणि घेऊ नये तेव्हाही घेतात. एकदा मी त्यांच्या दारात रिक्षातून उतरत होते. रिक्षावाल्यासमोर, आत बसून यंत्र चालवत, ते ओरडले, "पाव इंच!" मी विचारलं, काय पाव इंच? "कमरेत. परवागिल्ला बाई, काळजी नको. मला वाटलंच होतं, शिलाईत कापड ठेवलंय." एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला आहेर दिला आणि कानात सांगितलं की तुमच्या शेरवानीची उजवी बाही दुसऱ्या कोणाची आहे. तपासाअंती ते खरं निघालं. दोन भावांच्या शेरवान्या एकाच ठिकाणी शिवल्या होत्या. असोसिएशनच्या अध्यक्षांबद्दल त्यांचं म्हणणं असं की त्यांचा डावा खांदा अर्धा इंच उतरला आहे. "खुर्चीत एका बाजूला रेलून बसला की माणसाचा खांदा उतरतो. यंदाही तेच निवडून येणार, बघा." अध्यक्ष निवडून आले.

त्यांचं राजकारणाचं ज्ञान मोठं आहे, पण अर्धं आहे, आणि त्याला कारण त्यांची कामाची पद्धत. ब्लाउजचे साचे ते वर्तमानपत्रातून कापतात आणि पेपर वाचायचा तो साचा हातात आल्यावर. त्यामुळे प्रत्येक बातमीचा गळा किंवा काख गेलेली असते. "मंत्र्यांनी राजीनामा दिला का मागितला, ते कापून गेलं. पण माणूस बरोबर नाही एवढं कळलं." मी रद्दीत दिलेल्या मराठी अंकांतून मी लिहिलेला एक लेख एकदा मला त्यांच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला दिसला. त्याची बाही झाली होती. लेखाचा मुख्य मुद्दा काखेत गेला होता. माझा चेहरा त्यांनी मापला असावा. म्हणाले, "तुमच्या पेपराचं एक चांगलं आहे, बाई. कागद जाड आहे. बाही अगदी नीट बसते."

दुकानात त्यांच्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून, अक्का बसतात. त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेला, माहेरी आल्या आणि तेव्हापासून त्या खुर्चीवर आहेत. भावाला त्या 'तम्मा' म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ, आणि त्यात प्रेम किती आणि धाक किती ते वेळेवर ठरतं. या दुकानात कामाची वाटणी अशी आहे की कापणं आणि यंत्र भावाचं. हुक, काज आणि हेमिंग बहिणीचं. तीसेक वर्षांत या दुकानातून गेलेल्या प्रत्येक ब्लाउजला अक्कांनी हुक लावले आहेत. त्या डावऱ्या आहेत. त्यांची गाठ हुकाच्या डाव्या बाजूला येते, दोरा दुहेरी असतो, आणि कापड फाटेल पण तो हुक निघणार नाही. आमच्या शिंप्यांनी आयुष्यात एकही हुक लावलेला नाही. येत नाही म्हणून नव्हे. "मी लावला तर तिला दुकानातून काढून टाकल्यासारखं होईल, अल्वा? होय की नाही?"

चांगलं कापड आलं की ते वेळेवर देत नाहीत, हीही त्यांची ख्याती आहे. कापड वाईट असेल तर दुसऱ्या दिवशी तयार. माझं हिरवं म्हैसूर रेशीम त्यांनी सहा आठवडे ठेवलं. रोज विचारलं की रोज नवं कारण. शेवटी अक्का सुईवरून नजर न उचलता म्हणाल्या, "अंगावर धरून आरशात बघतो तो. मला दिसत नाही वाटते त्याला." शिंपी लाजले नाहीत. "हिरवा मला जात नाही," ते म्हणाले. "म्हणून देतो आता."

म्हैसुरात दसऱ्याला घरोघर पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणीची जोडी, खाली देव, त्याखाली वाणी-वाणीण, आणि अगदी खाली मुलांचे प्लास्टिकचे क्रिकेटवाले. राजा-राणीला दर वर्षी नवे कपडे शिवतात, आणि शिंप्याच्या घरात ते काम वयाच्या सातव्या वर्षापासून आमच्या शिंप्यांकडे होतं. पाच वर्षांपूर्वी असोसिएशनच्या बाहुल्यांच्या स्पर्धेला त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं. एका घरात राणीला बाजारातली प्लास्टिकच्या लेसची झालर गुंडाळलेली दिसली. ते तिथेच थांबले, खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा घेतला आणि राणीच्या वतीने तक्रार मांडली. ती दहा मिनिटं चालली. यजमानीणबाईंचा कॉफीचा ट्रे हातातच राहिला. त्या दहा मिनिटांचा पुढे पन्नास मिनिटांचा एकपात्री प्रयोग झाला, आणि त्यात पुरुष एकच होता आणि तो सगळा वेळ राणी होता.

प्रयोगाची संहिता मी पाहिली आहे. ती साच्यांवर आहे. मराठी, पण अक्षरं कानडी, लाल स्केचपेनने, छापील बातम्यांवरून सरळ. पाठीच्या साच्यावर सुरुवात, पुढच्या भागावर राजकारण, दोन्ही बाह्यांवर बालपण. एकदा राजकारण चुकून एका गिऱ्हाईकबाईंच्या पिशवीतून घरी गेलं. त्यांनी ते परत आणून दिलं आणि विचारलं, "हे माझ्या सासूबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?"

प्रयोग सुरू होतो तेव्हा राणी चार मिनिटं काहीच करत नाही. बाहुली उभी असते तशी उभी असते. लोक आधी हसतात, मग खोकतात, मग एकमेकांकडे बघतात. मग राणी डोळे हलवते आणि वरच्या पायरीवरून नऊ दिवसांत काय काय दिसलं ते सांगू लागते. खालचे क्रिकेटवाले, कालच डब्यातून निघालेले, तिला विचारतात, "तू कुठली?" राणी म्हणते, "म्हैसूरची." "ते दिसतंय. मूळची कुठली?" राणी थोडा विचार करते. "लाकडाची." वाणी आणि वाणीण वरच्या पायरीसाठी अर्ज करतात, अर्जावर विचार करण्यासाठी एक कमिटी नेमली जाते, कमिटीत सगळे वरच्या पायरीवरचे असतात. आणि मधेच, आवाज न बदलता, राणी म्हणते, "शाळेत जाताना तम्माला सगळे म्हणायचे, नीट चाल. मास्तर म्हणायचे, शेजारी म्हणायचे, म्हशीवाला म्हणायचा. बाहुलीला कोणी म्हणत नाही. ती चालतच नाही. नऊ वर्षांच्या तम्माला वाटलं, ही नोकरी चांगली आहे."

लोक विचारतात. प्रयोगाला हॉल द्यायचा का, या सभेतच अध्यक्षांनी एकदा विचारलं, "तुम्ही म्हणजे नक्की काय, ते एकदा सांगा तरी." शिंपी म्हणाले, "ब्लाउज स्पेशालिस्ट." मग बसता बसता पुन्हा उठले. "आणि एक. देवळात एकादशीला मी वीस वर्षं गौळण म्हणतो. पदर घेऊन म्हणतो. तुम्ही टाळ वाजवता. तोच पदर या हॉलमध्ये घेतला की मीटिंग?" अध्यक्ष टाळ वाजवतात हे खरं आहे. हॉल मिळाला.

अडचण सभेमुळे नाही, घरातून आली. राणीचा आवाज अक्कांचा होता. ते दटावणं, वाक्याच्या शेवटी 'कळलं का' म्हणून भुवई उचलणं, रागावलं की शांत होत जाणं, सगळं जसंच्या तसं. एका नाट्यमंडळाच्या खोलीत पहिला प्रयोग झाला तेव्हा अक्का गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी एक बाई ब्लाउज न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, काल स्टेजवर काय बोललात हो तुम्ही! हसून हसून पुरे झालं." आपण काय बोललो ते अक्कांनी विचारून घेतलं. तपशिलात विचारलं. मग सुई गादीला टोचली. राणीचं डाळिंबी ब्लाउज तेव्हा त्यांच्याच मांडीवर होतं, पहिल्या घाईत टाचून नेलेलं, हुक लावायला आलेलं. ते त्यांनी घडी करून भावाच्या यंत्रावर ठेवलं. "साडी नेस, मिशी काढ, मला काय. माझं तोंड कशाला नेलंस? राणीला सांग, हुक लावायला दासी ठेव."

तेव्हापासून दोघं एकमेकांशी थेट बोलेनात. त्यांच्यामध्ये चार फुटांचं अंतर आहे आणि तेवढ्यासाठी गिऱ्हाइकं लागू लागली. मी गेले की अक्का म्हणायच्या, "बाई, त्यांना सांगा, इस्त्री तापली." आमचे शिंपी म्हणायचे, "बाई, तिला सांगा, मला ऐकू आलं." बाकीच्या सगळ्या ब्लाउजना हुक लागत होते. डाळिंबी ब्लाउज खिळ्यावर होतं. त्याचं उघडणं पाठीकडे, सहा हुकांची जागा आखलेली, आणि हुक नाहीत.

याच सुमारास म्हैसूरजवळच्या पिरियापट्टणहून पत्र आलं. तिथल्या एका शाळेच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी गावकऱ्यांसाठी प्रयोग करा, दुपारी, तंबाखूच्या कामातून लोक मोकळे असतात तेव्हा. परगावचं हे पहिलंच बोलावणं. शिंप्यांनी ते पत्र मला दाखवलं, नीट घडी केलं आणि टेपच्या डब्यात ठेवलं. उत्तर का देत नाही, मी विचारलं. ते पहिल्यांदाच हळू बोलले, कारण अक्का चार फुटांवर होत्या. "गावात एक वेळ पिना चालतील. राणी पिनांवर परगावी जात नाही. हुक लागले तर जाईन. नाही लागले तर बंद. ती नको म्हणाली असती तर त्याच दिवशी बंद केलं असतं, बाई. नको म्हणत नाही, हो म्हणत नाही. नुसती माझ्याकडे बघत नाही."

आता रविवार. असोसिएशनच्या हॉलची किल्ली अक्कांकडे असते, कारण घर समोर आहे. मी साडेचारला पोचले तर त्या शेवटच्या रांगेत दाराजवळ बसल्या होत्या, खुर्ची अर्धी बाहेर वळवून, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. मी काही विचारलं नव्हतं. "संपल्यावर कुलूप कोण लावणार?" त्या म्हणाल्या. "म्हणून बसलेय. बघायला नाही."

पिना मी लावल्या होत्या. हे इथे नोंदवणं आवश्यक आहे. जागा सहा होत्या, माझ्याकडे पिना चार. आत शिंप्यांनी पाठ करून विचारलं, "धरेल?" मी म्हणाले, धरेल. पडदा सरकला, चार मिनिटांचं उभं राहणं सुरू झालं आणि त्यातल्या तिसऱ्या मिनिटाला, म्हणजे पाच बाराला, वरून दुसरी पिन उघडली. पहिल्या रांगेतून मला राणीच्या डोळ्यात पाणी दिसलं. मागे कोणीतरी म्हणालं, "काय ॲक्टिंग आहे!"

प्रयोगाच्या मध्यावर राणी लोकांकडे पाठ करते. ते ठरलेलं आहे. वाक्य असं आहे: "बाहुलीची पाठ कोणी रंगवत नाही. ती भिंतीकडे असते." राणी वळली. ब्लाउज वरपासून खालपर्यंत उघडं होतं, दोन पिना लोंबत होत्या, दोन नव्हत्याच, आणि आत पांढरा बनियान होता. त्याला तीन भोकं होती. साठ लोक हसले. अध्यक्ष टाळ वाजवावा तसे मांडीवर हात मारून हसले. वाक्य कोणाला ऐकू आलं नाही.

राणी पाठमोरीच राहिली. हसू ओसरेपर्यंत थांबली. मग अक्कांच्या आवाजात, अगदी शांतपणे म्हणाली, "हसा. हुक लावणारी संपावर आहे. कळलं का?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. अक्का उठून उभ्या राहिल्या होत्या. जुडगा वाजला. त्या बाहेर जाणार असं मला वाटलं, आणि बहुधा त्यांनाही.

राणी समोर वळली. यापुढचा आवाज अक्कांचा नव्हता. दुकानातला होता, पाव इंच म्हणणारा. पुढे जे आलं ते कुठल्याही साच्यावर नव्हतं, हे मी संहिता पाहिलेली असल्यामुळे सांगू शकते. "मी नऊ वर्षांचा होतो. राजा आणि राणी एकाच लाकडाचे. चेहरा एक, उंची एक. कपडे मीच शिवलेले. तर एका दसऱ्याला मी अदलाबदल केली. राजाला साडी, राणीला कोट. सुम्ने, उगीच, बघू काय होते. घरात पंचवीस माणसं आली गेली, हळदी-कुंकू झालं, आरती झाली, कोणाला कळलं नाही. पहिल्या दिवशी एकीला कळलं. पंधरा वर्षांची होती. वर चढली, राजाच्या साडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गेलो आता. तिने पोलक्याला टोचलेली सुई काढली आणि राजाच्या पदराला दोन टाके घातले. म्हणाली, तम्मा, असं सैल ठेवलं तर सुटेल ना रे. बस. नऊ दिवस राजा साडीत उभा होता. साडी सुटली नाही. तिने कोणाला सांगितलं नाही. आज मी सांगितलं, म्हणजे पुन्हा रागावेल."

अक्का बसल्या. खुर्ची स्टेजकडे वळवली की नाही, हे मला दिसलं नाही. मधे अध्यक्ष होते.

सहाला प्रयोग संपला. टाळ्या झाल्या, लोक गेले. अक्कांनी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, कुलूप घातलं आणि ओढून पाहिलं. मग मला विचारलं, "पिना कोणी लावल्या, बाई?"

"मी."

"दिसलंच." त्या पायरी उतरल्या. "साठ लोकांनी बघितलं, आमच्या दुकानातला कपडा पाठीवर उघडा. आता उद्यापासून गिऱ्हाइकं मलाच विचारणार."

पुढचे अकरा दिवस काही बदललं नाही. इस्त्री तापत होती, निरोप माझ्यातर्फे जात होते, पत्र टेपच्या डब्यात होतं. बाराव्या दिवशी मी माझं ब्लाउज आणायला गेले तेव्हा डाळिंबी ब्लाउज खिळ्यावर नव्हतं. ते घडी करून, इस्त्री मारून, अक्कांच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेलं होतं. आमचे शिंपी यंत्रावर मान घालून बसले होते. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "मला काही माहीत नाही, बाई. मी बघितलंच नाही." त्यांचे कान लाल होते. अक्का म्हणाल्या, "दुकानातून अर्धवट कपडा बाहेर जात नाही. त्यांना सांगा."

"ऐकू आलं," शिंपी म्हणाले. ते अक्कांना म्हणाले.

मी ब्लाउज उलटं करून पाहिलं. हुक सहा. दोरा दुहेरी. गाठ डावीकडे.

पिरियापट्टणचा प्रयोग ठरल्याप्रमाणे दुपारी तीन वाजता झाला. राणी पाठमोरी वळली तेव्हा वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सहाही हुक लागलेले होते. अक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या हॉलची किल्ली त्यांच्याकडे नव्हती.